‘वही’ म्हणजे कोणती वही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

कोंढव्यात राहणाऱ्या एका भगिनीने हे पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांची अडचण इथे देत आहे. त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातले असून शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. सासरी दखनी उर्दू बोलली जाते. त्यांचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि मराठी शाळेत दुसरीत शिकतो. धाकटी मुलगी पुढच्या महिन्यात चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांची होईल आणि त्या दिवशी तिच्या बिस्मिल्लाचा, म्हणजे कुरआनचे शिक्षण सुरू करण्याचा, समारंभ ठरला आहे. या समारंभात ‘इक्रा’ (वाच) या शब्दाने सुरू होणाऱ्या कुरआनमधल्या आयती (वचने) लहान मुलांकडून म्हणवून घेतल्या जातात, म्हणून त्या आयती कुठून आल्या हे त्यांनी मुलाला सांगायला घेतले. ‘हिराच्या गुहेत नबींवर (प्रेषित मुहम्मद यांच्यावर) पहिली वही उतरली,’ एवढे वाक्य होते न होते तोच मुलाने विचारले, ‘कोणती वही? तुकोबांच्या वह्या पाण्यातून वर आल्या, तशी?’

सासूबाई संतापल्या. पुढची गोष्ट मग त्यांनीच सांगितली: फरिश्ता (देवदूत) आला, ‘वाच’ म्हणाला, नबींनी वाचले नाही म्हणून त्याने त्यांना तीनदा दाबले, आणि तूही सबक (धडा) पाठ केला नाहीस तर बघ. मुलाने संध्याकाळी मोठे पंख असलेला फरिश्ता कागदावर काढला, तेव्हा तो कागद फाडला गेला. त्या दिवसापासून मुलगा रात्री दिवा मालवू देत नाही. मुलाचे वडील म्हणतात, हे काम मौलानांचे आहे, तू त्यात पडू नकोस. भगिनी विचारतात: माझ्याकडून काही चुकीचे सांगितले गेले तर गुनाह होईल का? दीनची (धर्माची) गोष्ट मराठीत सांगणे बरोबर आहे का? भीतीचा भाग गाळून टाकावा का? आणि मुलगा शाळेतल्या गोष्टींशी तुलना करू लागला तर त्याला काय सांगावे?

उत्तर

ताई,

तुमचे पत्र वाचताना मला आधी हसू आले आणि मग वाईट वाटले, कारण त्या संध्याकाळी तुमच्या घरात कुणालाच हसू आले नसावे. तुमच्या मुलाने बेअदबी केलेली नाही. त्याने मराठी कानाने एक अरबी शब्द ऐकला, एवढेच झाले. मूळ अरबीत तो शब्द ‘वह्य’ आहे. उर्दू आणि दखनी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा ‘वही’ झाला, आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला ‘वही’ म्हटल्यावर दप्तरातली वहीच दिसणार. ती वही ‘उतरली’ किंवा ‘आली’ असे ऐकल्यावर त्याला इंद्रायणीतून तरंगून वर आलेल्या तुकोबांच्या वह्या आठवल्या, यातही नवल नाही. देहू पुण्याला इतके जवळ आहे की ती गोष्ट कानावर न पडता इथले मूल दुसरी ओलांडणे अवघडच. नवा शब्द कळला नाही तेव्हा त्याने तो ओळखीच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहिला. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवताना ज्या मुलांनी असे केले, त्यांची मला कधी काळजी वाटली नाही. मान डोलावून गप्प बसणाऱ्यांची मात्र वाटत असे.

गंमत अशी की त्याच्या प्रश्नातच तुमच्या उत्तराची सुरुवात आहे. त्याला सांगा की हा शब्द वेगळा आहे आणि तो ‘वह्य’ असा म्हणायचा. वह्य म्हणजे अल्लाहने आपल्या नबीपर्यंत पोहोचवलेला संदेश. तुकोबांच्या वह्यांत तुकोबांनी रचलेले अभंग लिहिलेले होते, त्या कागदाच्या होत्या. इथे मात्र आकाशातून कागद आला नाही, पुस्तक आले नाही, पाटीसुद्धा आली नाही. कुरआन स्वतः म्हणतो की जिब्रील या फरिश्त्याने हा संदेश नबींच्या हृदयावर उतरवला. नबींनी (स.) तो ऐकला, त्यांच्या हृदयात तो ठसला आणि त्यांनी लोकांना म्हणून दाखवला. लोकांनी तो पाठ केला आणि ज्यांना लिहिता येत होते त्यांनी खजुराच्या झावळीच्या देठांवर, पातळ पांढऱ्या दगडांवर, चामड्यावर आणि जनावराच्या खांद्याच्या रुंद हाडांवर लिहून ठेवला. सात वर्षांच्या मुलाला हाडावर लिहिण्याची कल्पना फार आवडेल. एवढे सांगितलेत तरी त्याच्या मनातली वही आणि नबींवर आलेली वह्य एकमेकांपासून वेगळ्या होतील, आणि तुकोबांविषयी एकही उणा शब्द काढावा लागणार नाही.

मराठीने तुम्हाला आणखी एक शब्द देऊन ठेवला आहे, तो म्हणजे ‘अवतरण’. मराठीत कुरआनबद्दल लिहिताना तो ‘अवतरित झाला’ असे लिहितात आणि शाळेच्या व्याकरणात ‘अवतरणचिन्ह’ असते. मुलगा थोड्याच दिवसांत ते शिकेल. बाई म्हणाल्या, आणि मग दोन्ही बाजूंना छोट्या शेपट्या काढून आत बाईंचे शब्द जसेच्या तसे. ते वाक्य वहीत मी लिहिले असले तरी शब्द माझे नसतात, बाईंचे असतात, आणि त्यातला एकही बदलायचा मला अधिकार नसतो. मुसलमानांची कुरआनविषयीची श्रद्धा नेमकी हीच आहे की आरंभापासून शेवटपर्यंत सगळे शब्द अल्लाहचे आहेत आणि नबींनी ते पोहोचवले. नबींचे स्वतःचे बोलणे म्हणजे हदीस, आणि ते वेगळे जपले गेले. हा फरक पुष्कळ मोठ्या माणसांनाही नीट सांगता येत नाही, पण तिसरीतल्या मुलाला अवतरणचिन्हाने पाच मिनिटांत कळतो. वर्गातली मुले चिन्ह उघडायची आणि मिटायला विसरायची, मग पुढचा सगळा परिच्छेद बाईंच्या तोंडी जायचा. कुरआन आणि त्यावरची आपली टिप्पणी यांच्याबाबतीत मोठी माणसेही तेच करतात, पण तो विषय वेगळा.

आता तुमच्या भीतीकडे येते. चुकीचे सांगितले गेले तर गुनाह होईल, या भीतीने तुम्ही गप्प बसण्याच्या बेतात आहात. नबींच्या नावावर जाणूनबुजून खोटे सांगणे ही फार गंभीर गोष्ट मानली आहे, यात शंका नाही. पण आपल्याला माहीत आहे तेवढे प्रामाणिकपणे सांगणारी आणि पुढचे ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ असे म्हणणारी आई त्या व्याख्येत बसत नाही. मी एक पाऊल पुढे जाऊन विचारते, ‘मला माहीत नाही’ म्हणायला तुम्हाला संकोच का वाटावा? तुम्ही जी गोष्ट सांगायला बसला आहात तिच्यात माणसाच्या तोंडचे पहिले वाक्यच ‘मला वाचता येत नाही’ हे आहे. आणि त्यानंतर ज्या पाच आयती आल्या, त्यांच्यात सांगितले आहे की त्या उदार पालनकर्त्याने लेखणीने शिकवले आणि माणसाला जे माहीत नव्हते ते शिकवले. माहीत नसण्यापासूनच या ग्रंथाचे अवतरण सुरू होते.

मुलाने ‘कोणती वही?’ असे विचारणे सासूबाईंना उद्धटपणा वाटला, पण वह्य येते कशी हा प्रश्न फार जुना आहे आणि तो खुद्द नबींना विचारला गेलेला आहे. हारिस बिन हिशाम यांनी त्यांना विचारले होते की, हे अल्लाहचे प्रेषित, तुमच्याकडे वह्य कशी येते? ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहाच्या अगदी आरंभी नबींच्या पत्नी हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेली ही हकिकत आहे. नबी रागावले नाहीत. त्यांनी उत्तर दिले की कधी ती घंटेच्या नादासारखी येते आणि तो प्रकार मला सर्वांत जड जातो, तर कधी फरिश्ता माणसाच्या रूपात येऊन बोलतो. यातला घंटेचा भाग सात वर्षांच्या मुलाला आत्ता सांगू नका. दिवा मालवू न देणाऱ्या मुलाच्या कानात आणखी एक आवाज कशाला घालायचा? सासूबाईंना मात्र हारिस यांचा प्रश्न जरूर सांगा, शक्य असेल तर मौलानांच्या तोंडून.

आता भीतीच्या भागाबद्दल, कारण माझ्या मते गाठ इथे बसली आहे. सासूबाईंनी भीती हत्यारासारखी वापरली आणि तुम्ही ती गाळून टाकायला निघाला आहात. दोन्हींमध्ये गोष्टीचा उत्तरार्ध हरवतो. ती पुन्हा एकदा नीट आठवून पाहू.

इसवी सन ६१० च्या सुमाराचा काळ, रमजानचा महिना. नबी चाळीस वर्षांचे होते आणि मक्केजवळच्या एका डोंगरावरच्या हिरा नावाच्या गुहेत एकांतात बसत असत. तो डोंगर पुढे जबल-ए-नूर, म्हणजे प्रकाशाचा डोंगर, या नावाने ओळखला जाऊ लागला. गुहा म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर पाताळेश्वर किंवा कार्ल्याची लेणी येतील, तर त्याला सांगा की ही कोरलेली लेणी नव्हती. खडकांच्या मधली लहानशी, चार-दोन माणसे कशीबशी मावतील एवढी ती जागा होती. तुम्ही त्याला कधी सिंहगडावर पायवाटेने नेले असेल, तर खडकाळ चढ चढून धाप लागते तो अनुभव त्याला पुरे. त्या गुहेत जिब्रील (अ.) आले आणि म्हणाले, ‘इक्रा’. नबी म्हणाले, मला वाचता येत नाही. जिब्रीलने त्यांना घट्ट कवटाळले आणि सोडले. असे तीनदा झाले आणि मग त्या आयती आल्या.

न वाचल्याची शिक्षा म्हणून दाबले, असे या हकिकतीत कुठेही म्हटलेले नाही. ते मधले वाक्य आपल्या घरांतून, बहुधा अभ्यास टाळणाऱ्या मुलांना वठणीवर आणण्यासाठी, कुणीतरी घातले आहे. जाणकारांनी त्या कवटाळण्याचा अर्थ असा सांगितला आहे की येणारे वचन भारी होते आणि ते पेलायला नबींचे मन सिद्ध केले जात होते. कुरआनमध्येच ‘भारी वचन’ असा शब्द आलेला आहे. मुलाला तुम्ही इतकेच सांगू शकता: ‘फार मोठी गोष्ट सांगायची होती, म्हणून जिब्रीलने त्यांना घट्ट धरले.’ आणि त्याने विचारले की पुस्तक नव्हते तर ‘वाच’ कसे म्हणाले, तर सांगा की ‘इक्रा’चा अर्थ ‘मोठ्याने म्हण’ असाही होतो, आणि ‘कुरआन’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे.

इथपर्यंत येऊन बहुतेक जण गोष्ट थांबवतात, आणि मूल बिचारे गुहेतच राहते. पण नबी गुहेत राहिले नाहीत. ते घरी आले. त्यांचे हृदय धडधडत होते आणि त्यांनी आपल्या पत्नी खदीजाबीबींना (र.) म्हटले, ‘मला पांघरूण घाला, मला पांघरूण घाला.’ त्यांनी पांघरूण घातले आणि भीती ओसरेपर्यंत त्या जवळ थांबल्या. मग नबींनी काय झाले ते सांगितले, मला माझ्या जिवाची भीती वाटली असेही सांगितले. त्यावर खदीजाबीबी म्हणाल्या की अल्लाह तुम्हाला कधीही अपमानित करणार नाही, कारण तुम्ही नातेवाइकांना धरून राहता, दुबळ्यांचे ओझे उचलता, गरिबांना मदत करता, पाहुण्यांचा पाहुणचार करता आणि संकटात सापडलेल्यांच्या पाठीशी उभे राहता. या यादीतली प्रत्येक गोष्ट सात वर्षांच्या मुलाला कळते, त्याने ती घरात पाहिलेली असते. आणि त्यानंतर त्या नबींना आपले वृद्ध, अंध चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या, ज्यांना पूर्वीच्या धर्मग्रंथांचे ज्ञान होते.

या क्रमाकडे तुमचे आणि तुमच्या यजमानांचे लक्ष वेधावेसे वाटते. आधी पांघरूण, मग ऐकून घेणे, मग धीर आणि त्यानंतर जाणकार माणसाकडे जाणे. यजमान म्हणतात तेही खोटे नाही, जाणत्याकडे जायलाच हवे. पण जाणत्याकडे जाण्याआधी जे घरात घडायला हवे ते मौलाना करू शकणार नाहीत, आणि ते तुमच्या मुलाच्या बाबतीत अजून घडलेले नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे, आणि ती हे पत्र वाचणाऱ्या इतर आई-वडिलांनाही लागू पडेल: वेळ कमी असेल तर गुहेची गोष्ट सुरूच करू नका, सुरू केलीत तर नबींना घरी आणून पांघरूण घातल्याशिवाय उठू नका. तुमच्याकडे माहेरची गोधडी असेल तर दोन्ही मुलांना तिच्यात घेऊन बसा आणि मग सांगा. नबींची किंवा फरिश्त्याची भूमिका मात्र मुलांना करायला लावू नका, ते आपल्यात अदबीला धरून मानत नाहीत. नुसते ऐकणे पुरे आहे. मोठे झाल्यावर त्याला कळेल की कुरआनमधल्या दोन सूरांची (अध्यायांची) नावे या पांघरुणाशी जोडलेली आहेत: मुज्जम्मिल आणि मुद्दस्सिर, म्हणजे पांघरूण लपेटून घेतलेला. तुमच्या इमारतीत किंवा त्याच्या मकतबमध्ये (धार्मिक शिकवणीत) एखादा मुदस्सिर असेलच. नावाचा अर्थ कळल्यावर मुले कशी एकमेकांकडे पाहतात ते तुम्हालाही दिसेल. चार वर्षांच्या मुलीला यातले फारसे काही सांगायची गरज नाही. ‘अल्लाहने नबींना जो पहिला शब्द शिकवला, तो आज तू म्हणणार आहेस,’ एवढे तिला भरपूर झाले.

रात्रीच्या भीतीबद्दल: दिवा लावून झोपू द्या, त्यावरून चिडवू नका आणि झोपताना फरिश्त्यांचा उल्लेख भीती घालण्यासाठी कुणीही करणार नाही हे घरात ठरवा. दोन-तीन आठवड्यांत भीती कमी झाली नाही, किंवा मुलगा मकतबला जायलाच नकार देऊ लागला, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा शाळेतल्या समुपदेशकांना जरूर भेटा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तुमचा दुसरा समज असा दिसतो की बिस्मिल्लाच्या आधी मुलाला सगळे समजावून झाले पाहिजे. कशासाठी? कुरआन स्वतः सुमारे २३ वर्षे थोडा थोडा उतरत होता, आधी मक्केत आणि इसवी सन ६२२ च्या हिजरतीनंतर, म्हणजे स्थलांतरानंतर, मदिनेत. न मानणारे लोक विचारत असत की हा एकदमच का उतरवला जात नाही, आणि त्याचे उत्तर कुरआनच्या फुरकान या सूरेत आहे: तुझे हृदय त्याने बळकट व्हावे म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी म्हटले आहे की लोकांना थांबत थांबत ऐकवता यावा म्हणून तो विभागून दिला. जो ग्रंथ नबींनाही थांबत थांबत दिला गेला, तो आपण मुलाला एका संध्याकाळी, स्वयंपाक आटोपायच्या घाईत कसा देणार? दर जुमेरातला (गुरुवारी) रात्री एक लहानसा तुकडा सांगा. हिराची गोष्ट झाली की दोन-तीन आठवडे दुसरे काही सांगू नका, त्यालाच ती परत मागू द्या.

त्यानंतर मी दुहा ही सूरा निवडेन. मध्यंतरी वह्य काही काळ थांबली होती, विरोधक टोमणे मारू लागले होते, आणि तेव्हा हे धीराचे शब्द आले की तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेले नाही आणि तो नाराजही नाही. त्याच सूरेत पुढे आहे की अनाथावर जबरदस्ती करू नकोस आणि मागणाऱ्याला झिडकारू नकोस. या ‘मागणाऱ्या’त ज्ञान मागणारा, प्रश्न विचारणाराही येतो, असे अनेक भाष्यकारांनी म्हटले आहे. (ही ओळ सासूबाईंना ऐकवण्यासाठी मी लिहीत नाही, पण त्यांच्या कानावर पडली तर बिघडणार नाही.) मग कौसर घ्या. ती ११४ सूरांमधली सर्वांत छोटी, तीनच आयतींची आहे, आणि कोंढव्यातल्या मुलाने कौसरबागेचे नाव शंभरदा ऐकलेले असते. ते नाव कुरआनातले आहे हे त्याला कुणी सांगितले आहे का, विचारून पाहा.

मराठीत सांगावे की नाही, या प्रश्नाला मी वेगळे उत्तर देणार नाही. कुरआनच्या इब्राहीम या सूरेत म्हटले आहे की प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेला, जेणेकरून त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे. तिलावत (कुरआनचे पठण) आणि नमाज अरबीत आहेत, त्या अरबीतच राहतील आणि त्यांचे उच्चार मौलानाच शिकवतील. ‘नूरानी कायदा’ या अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकातली अक्षरे त्यांच्याइतकी नीट तुम्हा-आम्हाला शिकवता येत नाहीत. पण गोष्ट कळण्याची भाषा तुमच्या मुलाची मराठी आहे आणि दादीशी बोलताना दखनी आहे. दोन्ही भाषांत त्याला गोष्ट मिळू द्या.

मौलानांना एकदा यजमानांसह भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका. ‘मुलगा असे असे विचारतो, आम्ही घरी हे सांगणार आहोत, यात काही दुरुस्ती असेल तर सांगा,’ असे म्हणा. तीस-चाळीस मुलांचा सबक ऐकणाऱ्या माणसाला घरी असे कुणी विचारत असेल याची कल्पनाही नसते, आणि माझा अनुभव असा की बहुतेकांना आनंदच होतो.

मुलगा थोडा मोठा झाला की तो विचारेल, इतक्या वर्षांत शब्द बदलले कसे नाहीत? त्या वेळी कानगोष्टींच्या खेळाचे उदाहरण देऊ नका. ही चूक मी वर्गात स्वतः केली आहे. त्या खेळात शब्द बिघडतात, त्यातच मजा असते, आणि मुलांनी बरोबर उलटा निष्कर्ष काढला. पाढ्यांचे उदाहरण द्या. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असताना कुणी ‘बे चोक नऊ’ म्हणाला तर चाळीस मुले एकदम ओरडतात. रमजानमध्ये रात्रीच्या तरावीहच्या नमाजीत इमाम अडखळले तर मागचे हाफिज, म्हणजे कुरआन तोंडपाठ असलेले, लगेच लुकमा देतात, म्हणजे बरोबर शब्द सुचवतात, हे त्याने वडिलांबरोबर गेला असेल तर पाहिलेही असेल. नबीही दर रमजानमध्ये जिब्रीलबरोबर तोवर उतरलेल्या कुरआनची उजळणी करत, आणि शेवटच्या वर्षी ती दोनदा झाली. पाढे म्हणण्यालाही आपण उजळणीच म्हणतो. नबींनंतरचे पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात, यमामाच्या लढाईत पुष्कळ पाठांतर करणारे मारले गेल्यावर, जैद बिन साबित यांनी लिहिलेले तुकडे आणि लोकांचे पाठांतर दोन्ही पडताळून संकलन कसे केले, आणि तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात त्याच्या प्रती कशा पाठवल्या गेल्या, हा भाग दहा-अकराव्या वर्षासाठी राखून ठेवा. तो एखाद्या तपासकथेइतका रंगतो.

तुलनेचा प्रश्न तुम्ही समजता तेवढा अवघड नाही, कारण मुले तुलना करतात ती पैज लावण्यासाठी नसते. पैज मोठी माणसे लावतात. मूसांना तौरात, दाऊदना जबूर आणि ईसांना इंजील हे ग्रंथ दिले गेले, हे आपण मानतो, ते त्याला सांगता येईल. प्रत्येक समाजाकडे प्रेषित आले आणि त्यांतल्या काहींचीच हकिकत कुरआनात सांगितली आहे, हेही कुरआनातच आहे. वर्गमित्राच्या घरी गीता किंवा ज्ञानेश्वरी वाचत असतील तर ‘त्यांच्या घरी ते असे मानतात, आपण असे मानतो, आणि त्याच्या पुस्तकाला पाय लागू द्यायचा नाही,’ इतके सात वर्षांच्या मुलाला पुरते. आपल्या रेहालवरच्या (ग्रंथ ठेवायच्या घडीच्या चौरंगावरच्या) कुरआनला तो कसा हात लावतो हे त्याला माहीत असते, तोच नियम त्याला दुसऱ्याच्या घरीही लावता येतो.

आणि ‘फरिश्ता माझ्याशी का बोलत नाही?’ हा प्रश्न तुमच्या पत्रात नाही, पण तो येणार आहे, तेव्हा तयार राहा. मुहम्मद हे शेवटचे नबी आहेत असे आपण मानतो, म्हणून तशी वह्य आता कुणाकडे येत नाही. पण त्याला अल्लाहशी बोलायचे असेल तर दुआत मराठीतसुद्धा बोलता येते. एखाद्या सकाळी त्याने ‘माझ्याकडे फरिश्ता आला होता’ असे सांगितले तर हसू नका, ओरडूही नका. ‘स्वप्नात का? मग काय झाले?’ असे विचारून ऐकून घ्या.

सासूबाईंशी वाद घालून काही साधणार नाही. त्यांनी ती गोष्ट जशी ऐकली तशी सांगितली, आणि त्यांनाही लहानपणी कुणी पांघरूण घातले असेलच असे नाही. एखाद्या दुपारी त्यांना त्यांच्या स्वतःच्या बिस्मिल्लाबद्दल विचारा: ओढणी कोणती होती, काय वाटले होते, शब्द आठवत होते का. माझ्या नानीला मी असे विचारले होते, तर ती आधी लाजली आणि मग अर्धा तास बोलत होती. शक्य झाले तर खदीजाबीबींचा भाग मुलांना त्यांनाच सांगू द्या. तो भाग दादीच्या तोंडी शोभतो.

फाडलेल्या कागदाबद्दल मुलाशी बोलायलाच हवे. आपण नबींचे आणि फरिश्त्यांचे चित्र काढत नाही, हे त्याला आधी कुणी सांगितलेले नव्हते, म्हणून ती त्याची चूक नव्हती, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मग कोरा कागद द्या आणि काय काढता येईल ते दोघांनी मिळून ठरवा. डोंगर काढता येईल, वर चढणारी पायवाट, रात्रीचे आकाश, गुहेचे तोंड, खजुराचे झाड, लेखणी, आणि डोंगरापासून दूर एका घराच्या खिडकीत उजेड. हे चित्र बिस्मिल्लाच्या दिवशी बहिणीच्या पाटाजवळ लावायचे आहे असे त्याला सांगा, म्हणजे त्या कामात तो आपोआप गुंतेल. समारंभाच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा गोधडीत बसून गोष्ट सांगा, या वेळी बहिणीला सांगण्याचे काम त्याच्याकडे द्या, आणि झोपताना दिवा ठेवायचा की मालवायचा हे त्यालाच ठरवू द्या.